साथीच्या दिवसांत शिकणारी मुले

आपल्या वडगावातून रोज सकाळी मुले-मुली शिकायला बाहेर पडतात. कोणी सोमेश्वरनगरच्या कॉलेजात जातो. कोणी एसटीने बारामती गाठते. कोणी पुण्याला खोली घेऊन राहतो. ज्या घरात आजोबांना सही येत नव्हती, त्या घरातली नात आज पदवीच्या वर्गात बसते. ही आनंदाची गोष्ट आहे.

पण मुले जिथे शेकड्यांनी एकत्र बसतात, एका खोलीत चारचार जण झोपतात, एका खानावळीत जेवतात, तिथे साथही लवकर पसरते. म्हणून साथ आली की कॉलेज मुलांच्या हाती नियमांचा कागद देते. मूल तो घरी आणते. आपण म्हणतो, "ते शिकलेल्यांचं काम. आपल्याला त्यातलं काय कळतंय?"

मंडळी, असे म्हणू नका. मूल शिकते कॉलेजात, पण परत येते आपल्याच घरी. त्या कागदाचा अर्धा भाग घराने पाळायचा असतो. आज आपण तो कागद समजून घेऊ. कारण समजले की नियमाचे ओझे वाटत नाही.

साथ आपल्याला नवी नाही

जुनी माणसे मानमोडीची गोष्ट सांगत. ती साथ १९१८ साली आली. ताप, अंगदुखी आणि खोकला. आपल्या देशात त्या साथीने एक कोटीहून जास्त माणसे नेली.

त्याच्याआधी प्लेग आला. १८९६ साली तो मुंबईत दिसला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात फैलावला. गावात उंदीर मरून पडू लागले की लोक गाव सोडत. रानात, माळावर झोपड्या घालून राहत. साथ ओसरली की परत घरी येत. रोगापासून लांब राहावे, हे शहाणपण आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते.

पण पुण्यात त्या वेळी आणखी एक गोष्ट घडली. सरकारने घरोघर गोरे शिपाई धाडले. ते घरात शिरून रोगी शोधत. लोकांना तो अपमान वाटला. लोक घाबरले आणि रोगी लपवू लागले. लपवलेल्या रोग्याला ना दवा मिळे, ना कोणी साथ सोडवी. जिथे भीती असते, तिथे आजार लपतो. ही खूण ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला तिचे काम पडणार आहे.

त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा केली. त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याचा एक मुलगा प्लेगाने आजारी पडला होता. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. त्यात त्यांनाच प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

पुण्याचे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले. २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. आपली बारामतीची, सोमेश्वरनगरची मुले ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, ते हेच विद्यापीठ.

२०२० साली काय झाले

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रोगी पुण्यात सापडले. दोन दिवसांनी, ११ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने ही जगभरची साथ असल्याचे सांगितले. आपल्या राज्याने १८९७ सालचा साथरोग कायदा लागू केला. प्लेगासाठी केलेला कायदा १२३ वर्षांनी पुन्हा कामी आला. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला.

कॉलेजेही बंद झाली. वसतिगृहे रिकामी झाली. मुले गावाकडे निघाली. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा ऑक्टोबर २०२० मध्ये झाल्या. पुष्कळ मुलांनी त्या घरी बसून मोबाइलवर दिल्या.

१६ जानेवारी २०२१ पासून देशात लस देणे सुरू झाले. कोव्हिशील्ड ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. कोव्हॅक्सिन ही लस हैदराबादच्या भारत बायोटेक या कारखान्याने काढली. तिच्या कामी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा हात होता. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्या सर्वांना लस खुली झाली. २० ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातली कॉलेजे पुन्हा उघडू लागली. लशीचे दोन्ही डोस घेतलेल्या मुलांना वर्गात येता येऊ लागले.

हा रोग चालतो कसा?

प्रत्येक रोगाची वाट वेगळी. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून येतो. पटकी घाण पाण्यातून येते. कोरोना श्वासातून येतो.

एक साधा दाखला घ्या. बंद खोलीत एकाने बिडी ओढली, तर कोपऱ्यात बसलेल्यालाही वास येतो. तीच बिडी उघड्या रानात ओढली, तर दहा पावलांवर वास पोहोचत नाही. आजारी माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा त्याच्या तोंडानाकातून बारीक थेंब उडतात. काही थेंब लगेच खाली पडतात. काही इतके बारीक असतात की धुरासारखे हवेत तरंगतात. त्यात रोगाचे विषाणू असतात. दुसऱ्याने तीच हवा आत घेतली, की रोग त्याच्या घरी गेला.

यातली कठीण गोष्ट अशी की विषाणू अंगात शिरल्यावर लगेच ताप येत नाही. बहुधा पाच-सहा दिवस जातात. कधी चौदा दिवसही लागतात. पण ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून तो माणूस रोग वाटू लागतो. काहींना तर ताप येतच नाही, आणि तरी त्यांच्यापासून दुसऱ्याला लागण होते.

आता तरुण पोराचा विचार करा. अंगात रग असते. त्याला थोडे पडसे येते आणि जाते. तो म्हणतो, "मला काय झालंय?" पण घरी आजी असते. वडिलांना साखरेचा आजार असतो. पोराचे पडसे आजीला जिवावर बेतते. म्हणून कॉलेजचे नियम एकट्या पोरासाठी नसतात. त्याच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या घरासाठी असतात.

कागदावरचे नियम आणि त्यांची कारणे

पहिला नियम मास्कचा. मास्कने नाक आणि तोंड दोन्ही झाकले पाहिजे. हनुवटीवर लटकवलेला मास्क म्हणजे कुलूप लावून उघडे टाकलेले दार. मास्कमुळे आपले थेंब बाहेर कमी जातात आणि दुसऱ्याचे आत कमी येतात. कापडी मास्क रोज साबणाने धुवावा आणि उन्हात वाळवावा.

दुसरा नियम हवेचा. वर्गाच्या, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की वारा खेळतो आणि धुरासारखी हवा निघून जाते. याला पैसा लागत नाही. घरीही हेच करावे.

तिसरा नियम अंतराचा. त्या साथीत सहा फूट अंतर सांगितले होते. म्हणजे साधारण दोन हात लांबवून उभे राहिलेल्या माणसाची रुंदी. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये कॉलेजांना नियम घालून दिले. एका वेळी निम्म्याहून जास्त मुले बोलवू नयेत, वसतिगृहात एका खोलीत अनेकांना ठेवू नये, असे त्यात होते. सगळ्यांनी एकदम जेवायला न बसता पाळीपाळीने जेवावे, तेही याचसाठी. जेवताना मास्क काढावा लागतो आणि गप्पा रंगतात. रोगाला असाच मोका हवा असतो.

चौथा नियम हाताचा. विषाणूच्या अंगावर तेलकट वेष्टन असते. साबणाने ताटाचे तेल निघते, तसे हे वेष्टनही फुटते आणि विषाणू मरतो. म्हणून नुसत्या पाण्याने भागत नाही. साबण लावून वीस सेकंद, म्हणजे सावकाश वीस अंक मोजेपर्यंत, हात चोळावे. बोटांच्या बेचक्या आणि नखे विसरू नयेत.

पाचवा नियम लशीचा. लस अंगातल्या पहारेकऱ्याला चोराची ओळख करून देते. पुढे खरा चोर आला की पहारेकरी त्याला लगेच पकडतो. लस घेतल्यावरही पडसे-ताप येऊ शकतो, पण जिवावर बेतण्याची भीती पुष्कळ कमी होते. लशीचे भय नवे नाही. प्लेगाची लस काढणारे डॉक्टर हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली होती.

सहावा नियम सगळ्यांत मोठा. ताप, खोकला, घसादुखी असेल, तोंडाची चव किंवा नाकाचा वास गेला असेल, तर वर्गात जाऊ नये. तसे सांगावे आणि वेगळे राहावे. हा नियम लिहायला सर्वांत सोपा आहे आणि पाळायला सर्वांत अवघड. का अवघड, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. तेच आता सांगतो.

आमच्या आळीतली गोष्ट

मे २०२० चा महिना. आमच्या आळीतली एक मुलगी पुण्याहून परत आली. शेवटच्या वर्षाला होती. दोन महिने खोलीत अडकून पडली होती. तिच्या हातावर शिक्का मारला होता. चौदा दिवस घरात वेगळे राहा, असे तिला सांगितले होते.

तिची आजी ओट्यावर वाट बघत होती. नात दिसताच म्हातारी कडाकडा बोटे मोडायला पुढे झाली. पोरगी लांबूनच म्हणाली, "आजी, जवळ येऊ नको." म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आले. पोरगी मुकाट्याने गोठ्याजवळच्या खोलीत गेली.

घराने नियम नीट पाळला. तिचे ताट-तांब्या वेगळा. ताट उंबऱ्यावर ठेवायचे आणि मागे सरायचे. तिने खिडकी दिवसरात्र उघडी ठेवली. तिच्यासाठी न्हाणीघराची वेळ शेवटची ठरवली.

पण आळीने काय केले? शेजाऱ्यांनी त्या घरचे दूध घेणे बंद केले. धाकट्या भावाला पोरे "कोरोना, कोरोना" म्हणून चिडवू लागली. आणि मी? मी गावचा निवृत्त गुरुजी. जन्मभर मुलांना माणुसकी शिकवली. एके सकाळी त्या मुलीची आई समोरून येताना दिसली आणि मी वाट बदलली.

ती बाई आमच्या रात्रीच्या साक्षरता वर्गात शिकलेली. तिने ते पाहिले. लांब उभी राहूनच तिने हाक मारली, "गुरुजी, जरा थांबता का?" तिच्या हातात नियमांचा कागद होता. एक एक अक्षर लावून तिने मला वाचून दाखवले. सहा फूट अंतर ठेवा. मास्क लावा. हात धुवा. मग कागद खाली घेऊन म्हणाली, "सगळा वाचला गुरुजी, दोनदा वाचला. यात कुठं लिहिलंय का, की माणसानं तोंड फिरवावं म्हणून?"

मी काय बोलणार? कागदात तसे कुठेच लिहिलेले नव्हते.

त्या दिवसापासून मी रोज दोन वेळा त्यांच्या अंगणाबाहेर उभा राहू लागलो. मास्क लावून, सहा फूट सोडून. "आज ताप आहे का? औषध हवं का? किराणा काय आणू?" एवढेच विचारायचे. माझे बघून आणखी दोघे येऊ लागले. कोणी गुरांना वैरण टाकली, कोणी दूध डेअरीला पोहोचवले.

पाचव्या दिवशी मुलीला ताप आला. तिने तो लपवला नाही. तिने आईला सांगितले, आईने आशाताईंना सांगितले. तपासणी झाली, आजार निघाला. बारामतीला उपचार होऊन ती बरी झाली. आणि घरातल्या दुसऱ्या कोणालाही ताप आला नाही. आजीलाही नाही. तिने पहिल्या दिवशी आजीला मिठी मारली असती, तर काय झाले असते? विचार करा.

मुलीने मला नंतर सांगितले, "गुरुजी, ताप आला तेव्हा मनात आलं होतं, सांगू नये. आधीच लोक घरच्यांशी असं वागतात. पण तुम्ही रोज येत होता. म्हटलं, सांगितलं तर कोणी मारणार नाही."

मघाची खूण आठवा. जिथे भीती असते, तिथे आजार लपतो. १८९७ साली शिपायांची भीती होती. २०२० साली शेजाऱ्यांची होती. रोगी वेगळा ठेवणे हा नियम आहे. रोग्याला वाळीत टाकणे हा अपराध आहे. एकाने साथ थांबते, दुसऱ्याने ती वाढते.

ऑक्टोबरात त्या मुलीने परीक्षा दिली. घरात रेंज येत नव्हती. माळवदावर बसून मोबाइलवर पेपर सोडवला. खाली आजी कोणाला मोठ्याने बोलू देत नव्हती.

घरी मूल आजारी पडले तर

एका खोलीत ठेवा. खोली एकच असेल तर मूल खिडकीजवळ झोपवा, मध्ये अंतर सोडा आणि दार-खिडक्या उघड्या ठेवा. सेवा करणारे माणूस एकच असावे, तरणे व निरोगी असावे. त्यानेही मास्क लावावा.

पाणी, पेज, वरण-भात द्या. ताप दिवसातून दोन-तीनदा मोजा. कागदावर लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते, त्याचा हा उपयोग. डॉक्टरांना तो कागद फार कामाचा असतो. मनाने औषध देऊ नका.

बोटाला लावून प्राणवायू मोजायचे एक लहान यंत्र असते. आशाताईंकडे ते पाहिले असेल. आकडा ९५ किंवा जास्त असेल तर ठीक. ९४च्या खाली गेला तर थांबू नका, दवाखाना गाठा. दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, भान हरपणे, ताप तीन दिवसांहून जास्त राहणे, याही धोक्याच्या खुणा. १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते. तिला पैसे पडत नाहीत.

मनाचीही विचारपूस करा

साथीत मुलांचे मन खचते. अभ्यास बुडतो, सोबती तुटतात, पुढे काय होणार ही चिंता लागते. मूल जेवत नाही, झोपत नाही, कोणाशी बोलत नाही, असे दिसले तर "नाटकं करतोय" म्हणू नका. जवळ बसा, ऐकून घ्या. मनाच्या त्रासासाठी सरकारचा १४४१६ हा फोन आहे. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.

आज काय करावे?

एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रातले कोरोनाचे निर्बंध उठले. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आज मास्कची सक्ती नाही. पण विषाणू नाहीसा झालेला नाही, आणि दुसऱ्या साथीही येतच असतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात हातपाय लुळे पडण्याचा आजार पसरला. तेव्हा पाणी उकळून प्या, असे सांगितले गेले. तिथे मास्कचा काय उपयोग? म्हणून साथ आली की आधी विचारा, हिची वाट कोणती? श्वास, पाणी, की डास? वाट कळली की ती कुठे अडवायची तेही कळते.

आणि एक नियम मात्र सगळ्या साथींना लागू आहे. आजार लपवू नये, आणि दुसऱ्यावर लपवायची पाळी आणू नये.

सावित्रीबाईंच्या काळी त्यांच्याजवळ ना मास्क होता, ना लस घरोघर पोहोचली होती. त्यांनी जिवाची बाजी लावून मूल पाठीवर घेतले. आपल्याला तेवढे करावे लागत नाही. सहा फुटांवर उभे राहून "कसं आहे पोरीचं?" एवढे विचारले तरी पुष्कळ आहे. तेवढे आपण सगळे करू शकतो.

वाचा आणि सांगा

१. प्लेग, पटकी आणि कोरोना या रोगांच्या वाटा कोणत्या?
२. तरुण मुलाचे साधे पडसे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला धोक्याचे का?
३. वेगळे ठेवणे आणि वाळीत टाकणे यांत फरक काय?
४. तुमच्या घरातले मूल कॉलेजात असेल तर त्याच्याकडचा नियमांचा कागद मागून घ्या. मोठ्याने वाचा. घरातल्या सगळ्यांना ऐकवा.